मेकॅनिक सांगतोय ते काम खरंच गरजेचं आहे का, हे कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ६२,००० किलोमीटर झालेली. पुढून खडखड येते आणि एसी पूर्वीसारखा गार करत नाही, म्हणून गाडी सर्व्हिसिंगला दिली. अधिकृत वर्कशॉपच्या ॲडव्हायझरने व्हॉट्सॲपवर ४३,००० रुपयांचं एस्टिमेट पाठवलं. त्यात पुढच्या डिस्क आणि ब्रेक पॅड, दोन्ही पुढचे शॉकॲब्सॉर्बर, दोन्ही लोअर आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे खालचे दांडे), एसी गॅस, बॅटरी, ब्रेक ऑइल, इंजिन फ्लश, इंजेक्टर आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) क्लीनिंग, शिवाय अंडरबॉडी कोटिंग. घराजवळचा गॅरेजवाला म्हणतो, "लिंक रॉड आणि पॅड टाका, सात हजारांत गाडी मोकळी." (लिंक रॉड म्हणजे पुढच्या सस्पेन्शनमधला एक छोटा दांडा.) दोघांपैकी खरं कोण बोलतंय?

मी आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा ट्रेड करून कंपनीच्या वर्कशॉपात लागलो, आधी फ्लोअरवर काम केलं, मग ॲडव्हायझरच्या टेबलावर बसलो, आणि आता बरीच वर्षं पुण्यात माझं स्वतःचं गॅरेज आहे. दोन्हीकडचा कारभार आतून बघितलेला असल्यामुळे आधीच सांगतो: नुसत्या रकमेवरून काहीही कळणार नाही. ४३,००० वाला लबाड आणि ७,००० वाला प्रामाणिक, असं धरून चालू नका. मोठ्या एस्टिमेटमध्ये दोन-तीन कामं खरोखर निघालेली असू शकतात, आणि स्वस्तातल्या माणसाने गाडीखाली नीट वाकूनही बघितलेलं नसेल.

मुळात हा घोळ का होतो, ते समजून घ्या. गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त डोकं आणि वेळ लागतो तो दोष शोधायला. आवाज नेमका कुठून येतोय हे शोधायला कधी कधी दीड तास जातो आणि पार्ट बदलायला वीस मिनिटं. पण गिऱ्हाईक पैसे देतं ते पार्टचे आणि पार्ट बसवायच्या मजुरीचे. "नुसतं बघायचे कसले पैसे?" हे वाक्य प्रत्येक गॅरेजवाल्याने ऐकलेलं आहे. मग मेकॅनिक काय करतो? शोधण्यात वेळ घालवत नाही. खडखडीला कारणीभूत असू शकतील असे चार पार्ट लिहून टाकतो. चारही बदलले की आवाज जातो, गिऱ्हाईक खूश, आणि त्यातले तीन पार्ट चांगले होते हे कुणालाच कळत नाही. यात प्रत्येक वेळी फसवायचा हेतू असतोच असं नाही, बऱ्याचदा तो निव्वळ अंदाजपंचे कारभार असतो. तुमच्या खिशाला मात्र दोन्ही सारखेच. अधिकृत वर्कशॉपात त्यात आणखी भर पडते. ॲडव्हायझर बहुतेक वेळा स्वतः मेकॅनिक नसतो, त्याला दर महिन्याचं टार्गेट असतं, आणि क्लीनिंग, कोटिंग, पॉलिशिंग असल्या 'व्हॅल्यू ॲडेड' कामांचं टार्गेट वेगळं असतं.

म्हणून माझा पहिला सल्ला: तपासणीचे पैसे वेगळे द्या, आणि ते आधीच बोलून घ्या. "दादा, आज काम करायचंच नाहीये. गाडी लिफ्टवर घ्या, नीट बघा, काय काय निघतंय ते मोजून लिहून द्या. बघायचे जे होतील ते मी देते." एवढं एक वाक्य बोललात की समोरचा माणूस पार्ट खपवायच्या घाईतून मोकळा होतो. शक्य असेल तर तपासायला एक आणि काम करायला दुसरा, असं करा. ज्याला काम मिळणारच नाही त्याला वाढवून सांगण्यात काही फायदा नसतो. आणि दुसरीकडे दाखवायला जाल तेव्हा पहिलं एस्टिमेट खिशातच ठेवा. कागद दाखवला की समोरचा गाडी बघायच्या ऐवजी कागद बघतो आणि त्यातलंच कमी-जास्त करून सांगतो. फक्त तक्रार सांगा: खडखड कधी येते, किती वेगाला, लहान खड्ड्यात की मोठ्या, वळताना की ब्रेक दाबल्यावर.

दुसरं म्हणजे प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी विचारा. किती झिजलंय? किती झिजल्यावर बदलायचं असतं? आणि आत्ता नाही केलं तर काय होईल, किती किलोमीटरपर्यंत? ज्याने खरंच बघितलंय तो या तिन्हीला उत्तर देतो. ज्याने बघितलेलं नाही त्याची उत्तरं "मॅडम, रिस्क आहे", "सेफ्टीचा प्रश्न आहे", "सगळेच बदलून घेतात" अशी येतात. भीती घालणं आणि माहिती देणं यातला फरक तिसऱ्या प्रश्नाला हमखास बाहेर पडतो. चांगला मेकॅनिक "हे आज करा, हे पुढच्या सर्व्हिसिंगला, याला हात लावू नका" असे तीन भाग स्वतःहून पाडून देतो. सगळंच आजच्या आज करायला हवं असं सांगणाऱ्याकडून चावी परत घ्यायला संकोच करू नका.

आता तुमच्या यादीकडे येऊ. ब्रेकपासून सुरुवात करतो, कारण तिथे मोजमाप सगळ्यात सरळ आहे आणि भीतीही सगळ्यात जास्त घातली जाते.

नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटरवर आला की बदलायची तयारी करायची, २ वर आला की थांबायचं नाही. समजा तुमचे पॅड ३०,००० किलोमीटरपूर्वी बदलले होते आणि आज ५ मिलिमीटर शिल्लक आहेत. म्हणजे एक मिलिमीटर झिजायला साधारण ६,००० किलोमीटर लागले. ३ वर यायला अजून बारा हजार किलोमीटर जातील. असा हिशेब कुणी करून दाखवला तर तो माणूस कामाचा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: अलॉयच्या फटीतून टॉर्च मारून जो दिसतो तो बाहेरचा पॅड. आतला पॅड बऱ्याचदा जास्त झिजलेला असतो, विशेषतः कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाची) पिन जाम झाली असेल तर. चाक काढून आतला पॅड दाखवायला सांगा. बाहेरचा ६ आणि आतला २ निघाला, तर नुसते पॅड टाकून भागणार नाही, पिना साफ करून ग्रीस लावायला हव्यात. नाहीतर नवे पॅडही तसेच एका बाजूने जातील. हे काम किरकोळ आहे आणि ते स्वतःहून सुचवणारा मेकॅनिक नेमका प्रामाणिक असतो.

डिस्कचं वेगळं. डिस्कच्या कडेला उंचवटा आला, रेघा पडल्या, पावसात तांबूस गंज चढला, हे दाखवून डिस्क बदलायला लावतात. गंजाचा पातळ थर चार ब्रेक मारले की जातो. कडेचा उंचवटा म्हणजे डिस्क वापरली गेली आहे, एवढाच त्याचा अर्थ. डिस्क बदलायची की नाही ते जाडी ठरवते, आणि कमीत कमी जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवरच कोरलेला असतो. समजा नवी डिस्क २० मिलिमीटरची आणि मर्यादा १८ ची. तुमची १९ भरली तर ती अजून चालणार आहे. मोजताना एक बारकावा आहे. साध्या व्हर्नियरचे जबडे कडेच्या उंचवट्यावर टेकतात आणि जाडी खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसते. म्हणून मायक्रोमीटरने, पॅड घासतो त्या पट्ट्यात, तीन-चार ठिकाणी मोजायला हवं. ब्रेक दाबल्यावर पेडल किंवा स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची राहिलेली नाही असं समजा. जाडी शिल्लक असेल तर लेथवर टर्निंग करून काम भागतं. अधिकृत वर्कशॉप टर्निंगच्या भानगडीत सहसा पडत नाही, सरळ नवी डिस्क लिहितं. ते महाग आहे, पण त्याला फसवणूक म्हणता येणार नाही.

खडखडीचं सांगतो, कारण तुमच्या एस्टिमेटमधली सगळ्यात मोठी रक्कम तिथेच आहे आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चांगले पार्ट भंगारात जातात तेही तिथेच. कमी वेगात, बारीक खड्ड्यांवर, पेव्हर ब्लॉकवर टकटक-खडखड येत असेल तर पहिला संशय लिंक रॉडवर घ्यायचा. मोठ्या खड्ड्यात धप्प असा एकच आवाज आला तर शॉकॲब्सॉर्बरचं माउंटिंग किंवा बुश (सांध्यातलं रबर). जागेवर स्टिअरिंग वळवताना कुरकुर किंवा कट्ट आवाज आला तर वरचं बेअरिंग. ब्रेक दाबताना आणि रिव्हर्स घेताना ठक् झालं तर लोअर आर्मचा बुश. हे ढोबळ आहे, पण सुरुवात इथून होते.

लिंक रॉडची खात्री करायची एक पद्धत आहे जी कुठलाही मेकॅनिक पंधरा-वीस मिनिटांत करू शकतो. दोन्ही बाजूंचे लिंक रॉड सोडवायचे, बांधून ठेवायचे म्हणजे कशाला लागणार नाहीत, आणि गाडी गॅरेजच्या गल्लीतच अगदी हळू फिरवून आणायची. आवाज गेला? मग दोष लिंक रॉडमध्येच. दोन्ही मिळून साधारण दीड-दोन हजारांत हे काम निपटतं आणि शॉकॲब्सॉर्बरचे दहा-बारा हजार वाचतात. आवाज तसाच राहिला तर पुढे शोधायचं. पार्ट न आणता, एक रुपया न गुंतवता मिळणारा हा पुरावा आहे, आणि "आधी हे करून बघाल का?" असं तुम्ही नम्रपणे विचारलंत तर चांगला मेकॅनिक नाही म्हणत नाही.

शॉकॲब्सॉर्बर गेला म्हणतात तेव्हा तेल गळतंय का ते बघा. नळीवर धुळीचा ओलसर थर एवढ्याने तो बाद होत नाही. तेल खाली ओघळलेलं असेल, गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा हेलकावत असेल, टायर ठिकठिकाणी खाल्ला गेला असेल, तर बदला, आणि बदलायचे तर दोन्ही बाजूंचे जोडीने. लोअर आर्मसाठी गाडी लिफ्टवर असताना चाक वर-खाली धरून हलवायला सांगा. खेळ जाणवला आणि खाली बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा सांधा) हलताना दिसला, तर तो गेला. डावी-उजवी धरून हलवल्यावर खेळ आला तर बहुधा टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाजवळचा सांधा). बुशसाठी मेकॅनिक टॉमी (लोखंडी पहार) घालून आर्म ढकलतो. रबर धातूपासून सुटलेलं दिसलं तर बदलायचं, नुसत्या वरवरच्या भेगा पाच वर्षांच्या गाडीच्या रबराला असतातच. आणि हे सगळं तुमच्यासमोर व्हायला हवं. "गिऱ्हाइकाला फ्लोअरवर यायची परवानगी नाही" असं सांगितलं तर व्हिडिओ मागा. टॉमी घातलेली आणि रबर उघडलेलं दिसणारा दहा सेकंदांचा व्हिडिओ काढणं कुणालाही जमतं.

अधिकृत वर्कशॉपात बुश गेला तरी अख्खा आर्म बदलतात, कारण कंपनीची कामाची पद्धतच तशी असते. बाहेर नुसता बुश प्रेस करून बसवून मिळतो. दोन्ही पद्धती चालतात. बुश चांगल्या कंपनीचा आणि प्रेसवर नीट बसवलेला असेल तर पैसे वाचवायला हरकत नाही, हातोड्याने ठोकून बसवणार असेल तर नको. आर्म किंवा टाय रॉड एंडला हात लागला की नंतर व्हील अलाइनमेंट करावीच लागते, ती वाढवून लावलेली नाही हेही ध्यानात घ्या. फक्त आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा प्रिंटआउट मागून घ्या.

एसीच्या बाबतीत एकच गोष्ट पक्की धरा: गॅस वापरला जाऊन संपत नाही. पेट्रोल संपतं तसा एसीचा गॅस संपायला त्याचं काही जळत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. पाच वर्षांत जोडांमधून थोडाफार जाणं समजू शकतो, पण दर उन्हाळ्यात "गॅस भरा" म्हणणारा माणूस गळती शोधायचं काम टाळतोय. गॅस कमी होता की नाही हे तपासायलाही मोजमाप आहे. रिकव्हरी मशीन लावलं की गाडीतून किती ग्रॅम गॅस निघाला ते स्क्रीनवर दिसतं. गाडीला किती लागतो ते बॉनेटच्या आतल्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. स्टिकरवर ४२० ग्रॅम आणि मशीनमध्ये ४०० निघाला, तर तुमचा एसी गार न होण्याचं कारण गॅस नव्हे. हा आकडा निघाला तेव्हाच फोटो काढून पाठवायला सांगा. आणि गॅसकडे जायच्या आधी ग्लोव्ह बॉक्सच्या मागचा केबिन फिल्टर काढून बघा. बहुतेक गाड्यांत तो हातानेच निघतो. कचऱ्याने गच्च भरलेला असतो, काहीशे रुपयांत नवा मिळतो, आणि हवेचा जोर कमी झाल्याच्या निम्म्याअधिक तक्रारी माझ्याकडे तिथेच संपतात.

बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टार्टर मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर ती थकली आहे. इंजिन चालू असताना साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवं. ते दिसत नसेल तर बॅटरी बदलून उपयोग नाही, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) बघावा लागेल. बॅटरी टेस्टरची चिठ्ठी मागा. चार-पाच वर्षांनी बॅटरी जाणं आपल्याकडच्या उन्हात अगदी साधारण आहे, तेव्हा हा आयटम खराही असू शकतो. बॅटरीचं वॉरंटी कार्ड मात्र आधी शोधा. मोफत बदलाचा काळ संपला असला तरी उरलेल्या मुदतीत किमतीत सूट मिळते, आणि ती कुणी आपणहून सांगत नाही.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्याचा उकळबिंदू खाली येतो. डॉट ४ या दर्जाचं ताजं ऑइल किमान २३० अंशांना उकळतं, ओलावा धरलेलं १५५ च्या आसपास. महाबळेश्वरहून पसरणीचा घाट उतरताना, गाडी भरलेली आणि पाय सतत ब्रेकवर, अशा वेळी हा फरक जाणवतो. पेडल मऊ पडतं. म्हणून बऱ्याच कंपन्या दर दोन वर्षांनी किंवा ४०,००० किलोमीटरला ते बदलायला सांगतात. तुमच्या गाडीचं पाच वर्षांत एकदाही बदललं नसेल तर अधिकृत वर्कशॉपचा हा सल्ला बरोबर आहे, आणि घराजवळच्या माणसाने तो दिलाच नाही, ही त्याची चूक. स्वस्त सल्ल्यात काय राहून गेलंय तेही असं तपासावं लागतं.

इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, डीकार्बोनायझिंग (इंजिनातला कार्बन काढणं) या कामांसाठी गाडीबरोबर मिळालेलं ओनर्स मॅन्युअल काढा. मागच्या पानांत किलोमीटरनुसार देखभालीचा तक्ता असतो. तक्त्यात जे नाही आणि ज्याची काही तक्रारही नाही, ते करायचं नाही. तुमची गाडी नीट स्टार्ट होते, आयडलिंगला थरथरत नाही, ॲव्हरेज पडलेलं नाही, मग इंजेक्टर कशासाठी साफ करायचे? थ्रॉटल बॉडीला काळा थर साचून आयडलिंग वर-खाली होऊ शकतं. तशी तक्रार असेल तर फोटो बघून करून घ्या. अंडरबॉडी कोटिंगबद्दल माझं मत गावानुसार बदलतं. रत्नागिरी, अलिबाग, गोवा किंवा मुंबईत समुद्राच्या जवळ गाडी उघड्यावर राहत असेल तर त्याला अर्थ आहे. पुण्या-नाशिकच्या गाडीला पाचव्या वर्षी ते कशाला हवं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही. तक्त्याचा आणखी एक उपयोग: इंजिनला ऑइल किती लिटर लागतं ते त्या पुस्तकात असतं. पुस्तकात सव्वातीन लिटर आणि बिलात साडेचार लिटर अशी बिलं मी पुष्कळ बघितली आहेत. तसंच, मारुतीच्या के-सिरीज इंजिनाला टायमिंग बेल्ट नसतोच, चेन असते, तरी त्याच्या मालकाला टायमिंग बेल्ट बदलायला हवा असं सांगितलेलं मी ऐकलं आहे.

काही 'पुरावे' दिसायला जोरदार असतात आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही. बोटावर काळं ऑइल घेऊन दाखवतात. ऑइल काळं पडतंच, डिझेलमध्ये तर बदलल्यानंतर लगेच. एसी चालू असताना गाडीखाली पडलेलं पाणी लीकेज म्हणून दाखवतात, ते साधं एसीचं पाणी असतं. हायवेला ट्यूबलेस टायरला एक खिळा लागलेला असतो आणि दुकानदार पाच पंक्चर काढतो. तिथे प्रत्येक पंक्चर काढायच्या आधी साबणाचं पाणी टाकून बुडबुडा दाखव म्हणायचं आणि शेजारी उभं राहायचं.

डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला की स्कॅनर लावतात, कोड निघतो, आणि कोडच्या नावावर पार्ट विकला जातो. कोड लक्षण सांगतो, कुठला पार्ट गेला ते सांगत नाही. उदाहरण देतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर. कारण प्लग असेल, इग्निशन कॉइल असेल, इंजेक्टर असेल, वायरिंगही असेल. प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असलेल्या इंजिनात पहिल्याची कॉइल काढून दुसऱ्यावर लावायची आणि दुसऱ्याची पहिल्यावर. कोड खोडायचा, गाडी चालवायची. आता कोड पी ०३०२ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, कॉइल बदला. पी ०३०१ च राहिला तर कॉइल चांगली आहे, आता प्लगची अदलाबदल करून बघा. ज्याने हे न करता चारही कॉइल लिहून दिल्या त्याने निदान केलेलंच नाही.

याच्या उलट बाजूही आहे. गिऱ्हाइकाला काहीच त्रास जाणवत नाही आणि तरी मेकॅनिक काम सुचवतो, म्हणून तो लबाड, असं नाही. ॲक्सलचा रबरी बूट फाटला की सुरुवातीला गाडी अगदी ठीक चालते, फक्त रिमच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं दिसतं. त्या वेळी बूट आणि ग्रीस बदललं तर थोडक्यात भागतं. दुर्लक्ष केलं की आत धूळ-पाणी जाऊन काही महिन्यांत वळताना कट-कट सुरू होते आणि मग जॉइंट किंवा अख्खा ॲक्सल घ्यावा लागतो. टायरचंही तसंच. खाचेतल्या उंचवट्याएवढी झीज झाली, म्हणजे १.६ मिलिमीटर उरले, की पावसाळ्यात तो टायर धोक्याचा, मग गाडी कितीही गुळगुळीत चालत असो. अशा वेळी सांगणाऱ्यावर चिडू नका, मोजून दाखव म्हणा.

पार्टच्या बाबतीत गॅरेजवाल्याला दुकानातून सूट मिळते आणि तो तुम्हाला छापील किमतीने लावतो, याचं वाईट वाटून घेऊ नका. पुण्यात नाना पेठेतून पार्ट आणायला माणूस जातो, चुकीचा निघाला तर बदलून आणतो, बसवल्यावर बिघडला तर मेकॅनिकच निस्तरतो. त्या जबाबदारीचे ते पैसे आहेत. बघायचं ते हे: डबा सीलबंद तुमच्यासमोर उघडला का, त्यावर पार्ट नंबर आणि एमआरपी आहे का, आणि बिलात एमआरपीच्या वर पुन्हा जीएसटी चढवलाय का. एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. सध्या पार्ट आणि मजुरी दोन्हींवर जीएसटी १८ टक्के आहे, पार्टवर २८ टक्के लावलेलं एस्टिमेट आलं तर ते २२ सप्टेंबर २०२५ च्या आधीच्या दराचं आहे. ज्या गॅरेजची जीएसटी नोंदणीच नाही त्याला तो लावता येत नाही. काढलेले जुने पार्ट परत मागा, आणि हे काम सुरू व्हायच्या आधी जॉब कार्डवर (गाडी घेताना गॅरेज भरतं त्या कामाच्या कागदावर) लिहून घ्या. नंतर मागितले की "भंगारवाला घेऊन गेला" हे उत्तर तयार असतं.

बाहेर काम केलं तर वॉरंटी जाईल, ही भीती बरेच जण घालतात. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये सुटे भाग आणि तपासणीची साधनं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड केला होता, आणि स्वतंत्र गॅरेजमध्ये गाडी दाखवली एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका असंही बजावलं होतं. प्रकरण पुढे कोर्टकचेऱ्यांत गेलं. व्यवहारात मी असं सांगतो: वॉरंटी चालू आहे तोवर तक्त्यातली सर्व्हिसिंग कंपनीकडेच करा आणि बिलं जपा. वॉरंटी संपली की ब्रेक, सस्पेन्शन, क्लच यांसाठी चांगलं बाहेरचं गॅरेज बघा.

मेकॅनिक कसा आहे हे ओळखायची आणखी एक खूण सांगतो. बंपर घासला आणि तो म्हणाला, "क्लेममध्ये टाकू, सोबत दुसरं दारही रंगवून देतो, सर्व्हेअरला मी बघतो." तो तुमच्या भल्याचं बोलतोय असं वाटतं. जो विमा कंपनीला खोटा कागद देतो तो तुम्हालाही देणार. याउलट पावसात गाडी पाण्यात बंद पडली आणि फोनवरच "पहिलं म्हणजे स्टार्ट मारू नका, टोइंग करून आणा" असं जो सांगतो, त्याने तुमचं इंजिन वाचवण्यासाठी स्वतःचं मोठं काम सोडून दिलेलं असतं. त्याचा नंबर जपून ठेवा.

तुमच्या गाडीपुरतं सांगायचं तर मी या क्रमाने जाईन. आधी केबिन फिल्टर स्वतः काढून बघा. मग तपासणीचे पैसे देऊन तिसऱ्या ठिकाणी गाडी लिफ्टवर घ्या, पॅडची आणि डिस्कची जाडी लिहून घ्या, लिंक रॉड सोडून आवाज जातो का ते बघायला लावा. ब्रेक ऑइल बदला. बॅटरीची चिठ्ठी घ्या. फ्लश, इंजेक्टर आणि कोटिंग यादीतून काढून टाका. एसीचा गॅस रिकव्हरीचा आकडा बघितल्याशिवाय भरू देऊ नका.

आणि तुमच्या संमतीशिवाय आधीच काही काम केलं गेलं असेल तर गाडी ताब्यात घेताना जॉब कार्डवर "हे काम मला न विचारता केलं" असं लिहूनच सही करा. वर्कशॉपच्या मॅनेजरला त्याच दिवशी ईमेल करा, जुने पार्ट आणि फोटो जवळ ठेवा. आठवडाभरात उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. तिथेही भागलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, आणि तिथे तुमची बाजू धरायला जॉब कार्डवरची ती एक ओळच सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.